‘डॅनी बॉय’ : एका निरोपगीताची कुळकथा



लोकगीत हे त्या त्या भूमीच्या मातीतून आपोआप उगवते, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. आयर्लंडचे म्हणून जगभर गायिले जाणारे ‘डॅनी बॉय’ हे गीत या समजुतीला चांगलाच धक्का देते. म्हणून त्याची कुळकथा आज आम्ही आपल्यापुढे मांडीत आहोत.

या गीताची चाल प्रथम १८५५ साली छापली गेली. लंडनडेरी परगण्यातील लिमाव्हॅडी गावच्या जेन रॉस या बाईंनी ती टिपून जॉर्ज पेट्री या संग्राहकास दिली. चालीला नाव नव्हते. ती कोणाकडून मिळाली, याचीही नोंद झाली नाही. तो काळच तसा होता. १८४५ पासूनच्या बटाट्याच्या दुष्काळात सुमारे दहा लाख माणसे दगावली आणि तितकीच देशोधडीला लागली. गाणारेच गेले, तेव्हा गाणी कोठून उरणार? जे हाती लागेल ते वाचवावे, हीच पेट्रीची धडपड होती.

आता शब्दांकडे वळू. ते लिहिले फ्रेडरिक वेदरली या इंग्रज बॅरिस्टराने, १९१० साली. आणि तेही या चालीसाठी नव्हे! पुढे अमेरिकेत राहणाऱ्या भावजयीने ही चाल त्याला पाठविली. तिच्यावर त्याने आपले शब्द बेतले आणि १९१३ साली गीत प्रसिद्ध झाले.

मग हे गीत आयरिश कसे? आम्हांस वाटते, उत्तर त्यात न सांगितलेल्या गोष्टींत आहे. कोणी घर सोडून चालला आहे आणि मागे राहणारे माणूस त्याची वाट पाहणार आहे, एवढेच ते सांगते. जाणारा रणांगणावर निघाला की पोटासाठी परदेशी? निरोप देणारी आई, बाप की प्रेयसी? याचा उलगडा नाही. म्हणून ज्या ज्या घरातला मुलगा बोटीवर चढला, त्या त्या घराने हे गीत आपले मानले.

१९८५ साली याचा प्रत्यय आला. उत्तर आयर्लंडमध्ये तेव्हा दोन समाजांत रक्त सांडत होते. राष्ट्रगीत कोणते गावे, हाही वैराचाच विषय होता. बॅरी मॅकगीगन हा मुष्टियोद्धा जागतिक अजिंक्यपदासाठी लंडनमध्ये उतरला, तेव्हा त्याच्या वडिलांनी राष्ट्रगीताऐवजी ‘डॅनी बॉय’ गायिले. ते दोन्ही बाजूंच्या लोकांना आपले वाटले.

गीताचे गोत्र त्याच्या कर्त्यावरून ठरत नाही, असे आम्ही म्हणतो ते याच आधारावर. ज्यांनी आपला वियोग त्याच्या स्वाधीन केला, त्यांचेच ते झाले.