जागा मागायला लाजू नका

बाभुळगावहून आम्ही गटाच्या बाया बोलतोय. शेतातून परतलेल्या, चुलीपुढे बसलेल्या, सोयाबीन निवडत रेडिओ ऐकणाऱ्या सगळ्या ताई, मावशी, वहिनींना आमचा नमस्कार.

आज आपण बसायच्या जागेबद्दल बोलणार आहोत, तीही विमानातल्या. तुम्ही म्हणाल, "आम्ही कुठं विमानात बसतो वो?" दोन वर्षांपूर्वी आम्हीही हेच म्हणत होतो. पण आता गटांच्या बायांना दिल्ली-मुंबईच्या प्रदर्शनांचं बोलावणं येतं. कुणाची लेक पुण्या-बंगळुरूला असते, ती तिकीट काढून पाठवते. म्हणून हे ठाऊक असलेलं बरं. आणि यातलं निम्मं तर एसटीतही कामाला येतं.

आधी आमचं काय झालं ते सांगतो. आम्ही पाच जणी दिल्लीच्या प्रदर्शनाला गेलो होतो. मुगवड्या, ज्वारीचे पापड, सरगुंडे, हळद असा माल होता. जाताना रेल्वेने गेलो. येताना एका संस्थेने विमानाची तिकिटं काढून दिली. आनंद काय विचारता! पण जागा निवडायच्या असतात हे आम्हाला कुणी सांगितलं नाही आणि आम्हीही विचारलं नाही. पाच जणींना पाच ठिकाणी जागा मिळाल्या. आमच्या मावशी अठ्ठावन्न वर्षांच्या, उंच बांध्याच्या, उजवा गुडघा दुखरा. त्यांना मिळाली अगदी शेवटच्या रांगेतली मधली जागा. मागे संडास, खुर्चीची पाठ मागे होत नाही, दोन्हीकडे अनोळखी माणसं. पायापाशी त्यांनी पापडाची उरलेली पिशवी ठेवलेली, म्हणजे पाय ठेवायलाही जागा नाही.

विमान तासभर जमिनीवरच थांबलं. मग पावणेदोन तासांचा प्रवास. नागपूरला उतरल्यावर पुन्हा जीपमध्ये दाटीवाटीने तीन तास. बाभुळगावात मावशींना जीपमधून धरून उतरवावं लागलं. दुसऱ्या दिवशी पाय सुजला. डॉक्टरांना दाखवलं. रक्ताची गाठ नव्हती, सूज चार दिवसांत उतरली. पण आम्ही विचारलं, "मावशी, बोलल्या का नाही?" तर म्हणाल्या, "फुकटच्या तिकिटावर काय तक्रार करू बाई? लोक म्हणतील, खेड्यातली बाई आली अन् लागली जागा मागाले."

मैत्रिणींनो, हे वाक्य आम्हाला लागलं. कारण त्या जागी आम्ही असतो, तर आम्हीही गप्पच बसलो असतो.

यंदा पुन्हा बोलावणं आलं. मावशी म्हणाल्या, "मी नाही येत, मले नाही सोसत." आता मावशी नाहीत म्हणजे आमचं दुकानच मुकं. गिऱ्हाईक थांबतं ते त्यांच्या बोलण्यावर. मग आम्ही जागेची नीट चौकशी केली. ती तुम्हालाही सांगतो.

आपल्याकडच्या बऱ्याच विमानांत एका रांगेत सहा जागा असतात. मधे चालायची वाट, दोन्हीकडे तीन-तीन जागा. त्यांना ए, बी, सी आणि डी, ई, एफ म्हणतात. ए आणि एफ खिडकीच्या, बी आणि ई मधल्या, सी आणि डी वाटेकडच्या. एका खुर्चीपासून पुढच्या खुर्चीपर्यंतचं अंतर स्वस्त विमानांत साधारण २८ ते ३० इंच असतं. त्यातच खुर्चीची जाडीही आली. म्हणजे उंच बाईचे गुडघे पुढच्या पाठीला टेकणारच.

मग कुठली जागा घ्यावी? गुडघा दुखत असेल तर वाटेकडची. आणि त्यातही उजवा पाय दुखत असेल तर सी, डावा दुखत असेल तर डी. सी वर बसलं की वाट उजव्या हाताला येते, डी वर बसलं की डाव्या हाताला. दुखरा पाय मधूनमधून वाटेकडे लांब करता येतो. फक्त खाण्याची गाडी आली की पाय आत घ्यायचा. उठून जायलाही कुणाला ओलांडावं लागत नाही.

शेवटची रांग टाळा. तिथे पाठ बहुधा मागे होत नाही आणि संडासापाशी गर्दी असते. संकटकाळी बाहेर पडायच्या दाराच्या अगदी पुढे जी रांग असते, तिचीही पाठ बहुधा मागे होत नाही, कारण दाराची वाट मोकळी ठेवावी लागते.

त्या दारापाशी पाय पसरायला सगळ्यात जास्त जागा असते. पण ती सगळ्यांना मिळत नाही. वेळ पडली तर दार उघडायला आणि लोकांना मदत करायला तिथला माणूस धडधाकट लागतो. लहान मुलं, गरोदर बाई, कडेवर लेकरू असलेली बाई, स्वतःलाच आधार लागणारं माणूस यांना तिथे बसवत नाहीत. म्हणजे बघा, जिचा गुडघा दुखतो, तिच्या नशिबी ती मोकळी जागा नाही. पण तुमच्यातली कुणी उंच, तगडी बाई असेल तर तिने जरूर मागावी.

पहिल्या रांगेत पुढे खुर्ची नसते, त्यामुळे गुडघे मोकळे राहतात. पण पुढे भिंत असेल तर पाय सरळ लांब होत नाहीत, आणि पिशवी पायाशी ठेवता येत नाही, वरच्या कप्प्यात टाकावी लागते.

जागा निवडायची केव्हा? तिकीट काढतानाच. नाहीतर प्रवासाच्या दोन दिवस आधी मोबाईलवर बहुतेक कंपन्यांचं चेक-इन सुरू होतं, तेव्हा लगेच. उशीर केला की मधल्या आणि मागच्या जागाच उरतात. बऱ्याच जागांना वेगळे पैसे पडतात, म्हणून बटण दाबण्याआधी रक्कम बघा. पैसे द्यायचे नसतील तर विमानतळावर लवकर पोचा आणि खिडकीवर स्वच्छ सांगा, "गुडघा दुखतो, वाटेकडची जागा असेल तर द्या." देतीलच असं नाही, पण विचारायला पैसे लागत नाहीत. आत गेल्यावर दारं बंद झाली आणि एखादी चांगली जागा रिकामी दिसली, तर तिथल्या ताईंना विचारा. न विचारता उठून बसू नका.

आता गटाच्या बैठकीचं सांगतो. मावशींच्या जागेचे साडेतीनशे रुपये गटाने द्यायचे का, यावर चांगलीच बोलाचाली झाली. एक वहिनी म्हणाली, "एकीच्या गुडघ्यासाठी साऱ्यांचे पैसे काऊन द्याचे?" प्रश्न खोटा नव्हता. पैसा पै-पै करून जमलेला. मग आमच्यातली एक आजी म्हणाली, "बैलगाडीत म्हातारीले दांडीवर बसवता का वो? मधात, कडब्यावरच बसवता ना? मंग?" सगळ्या हसल्या. ठराव लिहिला, सह्या झाल्या. विचारणारी वहिनीच म्हणाली, "लिहा, पण उद्या माझा गुडघा दुखला तर मलेही द्या." तेही लिहिलं.

मावशी आल्या. १२ सी जागा. पापडाची पिशवी वरच्या कप्प्यात, पायाखाली काही नाही. गुडघा दुखलाच नाही असं नाही. पण नागपूरला त्या स्वतःच्या पायांनी उतरल्या.

आता तब्येतीचं. जागतिक आरोग्य संघटनेने २००७ साली सांगितलं, की चार तास किंवा जास्त वेळ एका जागी बसून प्रवास केला, तर पायाच्या शिरेत रक्ताची गाठ होण्याचा धोका साधारण दुप्पट होतो. धडधाकट माणसात तो सहा हजारांत एखाद्याला, म्हणजे घाबरायचं कारण नाही. पण हे फक्त विमानाचं नाही, बस, रेल्वे, मोटार सगळ्यांचं आहे. दुसऱ्या महायुद्धात लंडनवर बॉम्ब पडत होते, तेव्हा लोक रात्र रात्र निवाऱ्यात खुर्च्यांवर बसून काढत. १९४० साली तिथल्या कीथ सिम्पसन या डॉक्टरांनी अशा गाठींनी झालेले मृत्यू नोंदवले. म्हणजे दोष बसून राहण्याचा, उडण्याचा नाही.

म्हणून एसटीने पुण्याला निघालात तरी बसल्या बसल्या टाचा वर, मग बोटं वर, असं दर अर्ध्या तासाने करा. गाडी थांबली की उतरून चार पावलं चाला. लघवीला जावं लागेल म्हणून पाणी पिणं सोडू नका. चाकावरची आणि मागची सीट टाळा. रेल्वेत पंचेचाळीस वर्षांवरच्या बाईला, शिल्लक असेल तर खालचा बर्थ देण्याची सोय आहे. तिकिटावर वय बरोबर लिहा, चार वर्षं कमी सांगू नका! प्रवासानंतर एकाच पायाची पोटरी सुजली, दुखली, गरम लागली तर डॉक्टरांकडे जा. दम लागला, छातीत दुखलं तर थांबू नका, १०८ ला फोन करा.

मैत्रिणींनो, घरात आपण शेवटी जेवतो, गाडीत उरलेल्या जागेवर बसतो. सवयच पडली आहे. पुढच्या बैठकीत एक काम करा. गटात कुणाचा गुडघा, कुणाची कंबर दुखते ते विचारा, आणि प्रवास ठरला की आधी तिची जागा ठरवा. तिने मागायची वाट बघू नका.