दांडपट्ट्याचा हिशेब

शस्त्रांवर बोलणार म्हटल्यावर, सिंदखेडराजा ज्या जिल्ह्यात आहे तिथल्या मंडळींना इतिहासच ऐकायची सवय. माझी शस्त्रं मात्र कागदावरची आहेत. १९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ नावाचा खेळ काढला. चार-पाच जण टेबलाभोवती बसतात. प्रत्येक जण एक पात्र होतो, एक जण गोष्ट चालवतो आणि वार बसला की हुकला ते वीस बाजूंचा फासा सांगतो. जिंकणारा असा कुणी नसतो.

या खेळात पुस्तकातल्या नियमांवर घरचे नियम चढवायची मुभा असते. आपल्याला ते नवं नाही. गल्लीतल्या क्रिकेटमध्ये ‘एक टप्पा आउट’ कुणी आणलं? एखादा थोराड पोरगा दुपारभर बॅट सोडत नव्हता आणि बाकीचे नुसते चेंडू आणून देत होते, म्हणून ते आलं.

मागच्या दिवाळीच्या सुट्टीत भाच्याने हट्ट धरला, “मामा, माह्या पात्राले दांडपट्टा पाहिजे.” पुस्तकात तो नाही. इकडे २०२४ मध्ये आपल्या सरकारने दांडपट्टा राज्यशस्त्र म्हणून जाहीर केलेला. नाही कसं म्हणणार? मी लिहून दिलं: इजा लांब तलवारीइतकी, म्हणजे आठ बाजूंचा एक फासा; आणि दर पाळीला भोवतीच्या सगळ्या शत्रूंवर एकेक वार.

दुसऱ्याच लढाईत भाच्याने चार राक्षस एकट्याने लोळवले. धनुष्यवाली भाची फासा हातात घोळवत म्हणाली, “मामा, मंग आम्ही काय नुसतं पाहत बसाचं का?”

रात्री वही काढली. आठ बाजूंच्या फाशाची सरासरी साडेचार. वीसपैकी बारा वेळा वार बसतो असं धरा. चार शत्रू गुणिले साडेचार गुणिले शून्य दशांश सहा म्हणजे दर पाळीला १०.८. पुस्तकातली सगळ्यात जड तलवार, दोन्ही हातांनी धरायची, सहा बाजूंचे दोन फासे टाकते. तिची सरासरी सात, म्हणजे याच हिशेबाने ४.२. पात्राच्या ताकदीची बेरीज मी दोन्हीकडे सोडली आहे. ती धरली तरी पट्टाच पुढे. खुद्द खेळ प्रकाशित करणाऱ्यांनी २०२४ च्या नियमांत मोठ्या कुऱ्हाडीला असाच पसरट वार दिला, तो शेजारच्या एकाच शत्रूवर, पाळीत एकदाच आणि ताकदीची भर वगळून. ते का हात आखडतात ते तेव्हा कळलं.

पहिली दुरुस्ती मी आळसाने केली: ‘दिवसातून एकदाच.’ भाचा म्हणाला, “पट्टा काय मोबाइल हाय का, चार्जिंग संपाले?” बरोबर बोलला. किंमत लावायची तर ती त्या शस्त्राच्या अंगातून आली पाहिजे. म्हणून खऱ्या पट्ट्याकडे गेलो. मर्दानी खेळात तो फिरताना तुम्ही पाहिला असेल. हात खोबळ्यात, म्हणजे पट्ट्याच्या लोखंडी हातमोज्यात जातो, आतली आडवी मूठ धरायची. मनगट वळत नाही, वार खांद्यातून आणि अख्ख्या अंगातून येतो. पातं लांब आणि लवचीक. फिरवणाऱ्याभोवती रिंगण मोकळं ठेवावं लागतं, हे तिथे सांगावं लागत नाही.

मग नियम असा झाला. गरगर फिरवायचा तर इजा चार बाजूंच्या फाशाची. हिशेब सहावर आला, तोही चौघांनी घेरलं तरच. पटावर लगतच्या घरात सोबती असेल तर त्यालाही लागणार. खोबळ्यातल्या हाताने दोर धरता येणार नाही, जखमीला औषध पाजता येणार नाही. खोबळा काढायला एक पाळी जाणार. आता भाचा “मागं सरका” म्हणून ओरडतो, भाची हटते आणि लांबून बाण सोडते. तिला काम मिळालं. माझ्या मते घरगुती शस्त्राचा तोल राक्षसाशी जुळवायचा नसतोच, तो शेजारी बसलेल्याशी जुळवायचा असतो.

जाता जाता एक तक्रार. त्या पुस्तकात गोफणीची किंमत चांदीचं एकच नाणं आणि इजा चार बाजूंच्या फाशाची. इथे ज्वारीच्या माळ्यावर उभं राहून ज्यांनी पाखरं हाकली, ते हे मान्य करणार नाहीत. सोयाबीन आल्यापासून ते माळेही कमी झाले, ते सोडा.

सध्या वहीत विटा आहे, मनगटाला दोरी बांधलेला भाला. फेकायचा आणि ओढून परत घ्यायचा. मी लिहिलं, ‘फेकल्यावर पाळी न घालवता हातात येतो.’ भाचीने वाचलं आणि विचारलं, “अन् राक्षसानं दोरी धरली तं?”

त्या उत्तराची जागा अजून कोरी आहे.