दिवसाला चार रुपये आणि बार्शीचा फ्रिज

मागच्या शनिवारी एका श्रोत्याचा व्हॉइस मेसेज आला. मागे दुकानातला गोंधळ, टीव्हींचे आवाज, आणि हा पठ्ठ्या कुजबुजत बोलतोय: "भावा, काउंटरवर उभा आहे. 38 हजारांचा टीव्ही घेतलाय. 2,999 ची एक्स्टेंडेड वॉरंटी टाकू का म्हणतोय. दिवसाला फक्त चार रुपये पडतात. घेऊ का? पटकन सांग."

मी तो मेसेज ऐकला चार तासांनी. तोवर त्याने घेतली होती. तर आजचा भाग म्हणजे त्याला उशिरा दिलेलं उत्तर समजा.

आधी आमच्या घरातली गोष्ट सांगतो, कारण या विषयातलं माझं सगळं शहाणपण तिथूनच आलंय आणि ते फुकट आलेलं नाही.

आई बार्शीला असते. तिच्यासाठी दसऱ्याला फ्रिज घेतला. बिलिंगला उभा असताना मलाही असंच विचारलं, मीही असाच "हो टाका" म्हणालो. 3,200 रुपये, दोन वर्षं जास्तीची. तिसऱ्या वर्षी मे महिन्यात वळीव आला, वीज कडाडली, लाइट दोनदा गेली-आली आणि फ्रिज बंद. मी पुण्यातून एकदम निवांत. म्हटलं, आई काळजी करू नको, आपण प्लॅन घेतलाय.

मेकॅनिक आला, मागचं झाकण काढलं, पीसीबी जळालेला दाखवला आणि जॉबशीटवर लिहिलं: व्होल्टेज फ्लक्च्युएशन. संपलं. प्लॅनच्या अटींमध्ये तेच वगळलेलं होतं. अटी कुठे होत्या? दोन वर्षांपूर्वी आलेल्या एसएमएसमधल्या लिंकमध्ये. 4,800 रुपये खिशातून गेले. आई फोनवर म्हणाली, "मला चष्मा लागतो म्हणून मी नाही वाचलं. तुझं काय?"

यावर उत्तर नव्हतं, अजूनही नाहीये.

चिडून मी ग्राहक हेल्पलाइनला फोन करणार होतो. 1915 नंबर, लक्षात ठेवा, मराठीतही बोलतात. पण आधी ती लिंक उघडून अटी नीट वाचल्या, तेव्हा कळलं की यांनी मला फसवलेलंच नाही. मी जे विकत घेतलं होतं तेच मला मिळालं. फक्त काय विकत घेतलं ते मला माहीत नव्हतं. त्या 3,200 मध्ये चांगला स्टॅबिलायझर आला असता. आणि हो, फ्रिजच्या खोक्यावर 'स्टॅबिलायझरची गरज नाही' असं लिहिलं होतं. त्याच्याखाली बारीक अक्षरात व्होल्टची मर्यादाही दिलेली असते. वीज त्या मर्यादेबाहेर गेली की ते वाक्य लागू नाही.

आता जरा हिशोब करू. घाबरू नका, एकच भागाकार आहे. प्लॅनची किंमत भागिले दुरुस्तीचा खर्च. फ्रिजचं बघा: 3,200 भागिले 4,800. उत्तर दोन तृतीयांश. म्हणजे असे तीन फ्रिज घेतले आणि त्यातले दोन त्या नेमक्या दोन वर्षांत, आणि तेही अटींत बसणाऱ्या कारणानेच बिघडले, तर तुमची बरोबरी होणार. इतका वाईट फ्रिज असेल तर मुळात घेऊच नका.

टीव्हीचं गणित वेगळं येतं. टीव्हीत खरी महाग वस्तू म्हणजे पॅनेल. त्या श्रोत्याला मी सांगितलं, सर्व्हिस सेंटरला फोन करून पॅनेल बदलायला किती लागतात ते विचार. त्याला 24 हजार सांगितले. 2,999 भागिले 24 हजार, म्हणजे साधारण आठात एक. आठ टीव्हींतला एक त्या काळात पॅनेलवरून गेला तरी प्लॅनचे पैसे वसूल. इथे मी लगेच 'नको' म्हणणार नाही. विशेषतः पगार नुकताच सुरू झालाय, टीव्ही ईएमआयवर आहे आणि एकदम 24 हजार काढणं शक्य नाही, तर अशा माणसाने घेतला तर मी हसणार नाही. पण एक बघायचं: पॅनेलवर रेषा आल्या, डिस्प्ले काळा पडला तर सहसा धरतात, भाच्याने बॉल मारून फोडला तर साध्या एक्स्टेंडेड वॉरंटीत सहसा धरत नाहीत. आणि दुरुस्ती जमली नाही तर पैसे देणार की त्याच दुकानाचं व्हाउचर, आणि घसारा किती कापणार, हे विचारायचं.

ते दिवसाला चार रुपये पण बघा. 2,999 ला 730 दिवसांनी भागलं की चार येतात, बरोबर आहे. पण ते 730 दिवस आजपासून नाही, कंपनीची पहिल्या वर्षाची वॉरंटी संपल्यावर सुरू होतात. पैसे आज, काम पुढच्या वर्षी. आणि काउंटरवरची ती घाई खोटी असते. बऱ्याच कंपन्या मूळ वॉरंटी संपायच्या आत कधीही प्लॅन विकतात. घरी या, चहा घ्या, अटी वाचा, अकराव्या महिन्यात ठरवा. त्या सेल्समनला टार्गेट असतं, त्याच्यावर राग धरू नका. फक्त त्याची घाई आपली करून घेऊ नका.

एसीवाल्यांसाठी थोडक्यात: इन्व्हर्टर एसीच्या कंप्रेसरवर बऱ्याच कंपन्या मुळातच 10 वर्षं देतात. ते कार्ड आधी बघा. जे आहेच ते परत विकत घेऊ नका.

आणि हेच 'आहेच ते परत विकत घेणं' ताईच्या बाबतीत फार मोठ्या रकमेवर जाणार होतं.

ताई आणि दाजींनी रावेतला फ्लॅट घेतला. मार्चमध्ये ताबा मिळाला. जूनच्या पहिल्या मोठ्या पावसात बेडरूमची भिंत ओली. बाथरूमच्या बाजूची. पोपडे धरायला लागले. ताई साइट ऑफिसला गेली, तर तिथला माणूस फार गोड बोलला: "मॅडम, आपला होम केअर प्लॅन आहे ना, वर्षाला 11,999. प्लंबिंग, इलेक्ट्रिकल, लीकेज सगळं त्यात बसतं." ताई सही करायलाच निघाली होती. नवीन घर, नवीन कर्ज, भिंत ओली, डोकं कुठे चालतं अशा वेळी. दाजी म्हणाले, एकदा याला विचार, हा पॉडकास्टवर मोठ्या गप्पा मारतो.

मी विचारलं, "ताई, ताब्याला किती महिने झाले?"

"तीन."

"मग तू कशाला पैसे देतेस?"

रेरा कायदा आहे 2016 चा. त्यातलं कलम 14, पोटकलम 3. ताबा दिल्यापासून पाच वर्षांच्या आत बांधकामाच्या सांगाड्यात दोष निघाला किंवा कामाचा दर्जा, कारागिरी, सोयी यात दोष निघाला, आणि तुम्ही बिल्डरच्या नजरेस आणून दिला, तर त्याने तो 30 दिवसांत, एक रुपयाही न घेता दुरुस्त करायचा. नाही केला तर भरपाई मागता येते, महारेराकडे तक्रार करता येते. म्हणजे होम वॉरंटी तिच्याकडे होतीच, पाच वर्षांची, घराच्या किमतीत धरलेली. ती तिला वर्षाला 11,999 ला परत विकली जात होती. (अर्थात तुम्ही स्वतः टाइल्स फोडून नळ हलवले आणि मग गळती झाली, तर बिल्डर हात वर करणार, आणि बरोबरच करणार.)

त्या रात्री आम्ही तिघांनी बसून ईमेल लिहिला. भिंतीचे फोटो तारखेसकट, ताबापत्राची प्रत, कलमाचा उल्लेख, आणि शेवटी '30 दिवसांत' हे शब्द. दाजींना त्यात रागाची दोन वाक्यं घालायची होती, ताईने खोडली. तेच पत्र रजिस्टर्ड पोस्टानेही पाठवलं. तोंडी सांगितलेलं नंतर कोणाला आठवत नाही.

मी प्लॅनच्या विरोधात आहे असं वाटत असेल तर थांबा. आईच्या आरओची एएमसी मी दरवर्षी भरतो. बार्शीला बोअरचं पाणी, क्षार भरपूर, फिल्टर बदलावे लागतात हे नक्की. कदाचित नाही, नक्की. एएमसीत फिल्टर आणि मेंब्रेन दोन्ही धरलेत का ते विचारून घेतलं, सुटे बदलले तर किती पडतात ते विचारलं, एएमसी स्वस्त निघाली. शिवाय माणूस स्वतःहून फोन करून येतो, आईला कोणाच्या मागे लागावं लागत नाही. याचे पैसे मी आनंदाने देतो.

बाकी फ्रिज, वॉशिंग मशीन, मिक्सर यांच्यासाठी मी बँकेच्या ॲपमध्ये 500 रुपयांची आरडी लावलीय. नाव दिलंय 'बिघाड'. मागच्या वर्षी वॉशिंग मशीनचा ड्रेन पंप गेला, त्यातून भरला.

तुमचा क्लेम अटींत बसत असूनही नाकारला असेल, तर मात्र सोडू नका. आधी लेखी नकार मागा. 1915 वर नोंदवा. तरी नाही झालं तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, 5 लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, आणि मुदत दोन वर्षांची. वकील लागतोच असं नाही.

ताईकडे 26 व्या दिवशी माणसं आली. बाथरूमची टाइल काढली, वॉटरप्रूफिंग परत केलं, भिंत रंगवून दिली. पैसे घेतले नाहीत. फक्त जुन्या रंगाच्या टाइल्स संपल्या होत्या म्हणे, त्यामुळे बेसिनखाली चार टाइल्स जरा पिवळसर आहेत. दाजी येणाऱ्या प्रत्येकाला त्या दाखवतात.