विपर्यास, उचल आणि आपण
(बीडमध्ये युवकांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचा संपादित भाग)



आजचा विषय 'युद्ध आणि खरं बोलणं' आहे हे ऐकून घरच्यांनी विचारलं, "दुसरा विषय नव्हता का?" म्हणून सुरुवातीलाच जाहीर करतो: माझ्या आजच्या भाषणाचा विपर्यास करण्यात आला आहे. मोठी माणसं हे भाषण झाल्यावर सांगतात, मी आधीच सांगून मोकळा होतो.

'विपर्यास' हा आपल्या सार्वजनिक जीवनातला सगळ्यात कष्टाळू शब्द आहे. खरं बोलण्याचा अपघात झाला की हा ॲम्ब्युलन्ससारखा धावत येतो.

'ऑपरेशन सिंदूर'चंच घ्या. 31 मे 2025 रोजी सिंगापूरमध्ये आपले संरक्षण दल प्रमुख जनरल अनिल चौहान यांनी मान्य केलं की सुरुवातीला आपलंही नुकसान झालं. आकडा महत्त्वाचा नाही, का झालं ते महत्त्वाचं, असं ते म्हणाले. चांगली गोष्ट. मग 10 जूनला जकार्तातल्या एका परिसंवादात आपले तिथले संरक्षण प्रतिनिधी, नौदलाचे कॅप्टन शिव कुमार यांनी ते 'का' सांगून टाकलं. लष्करी तळांना हात लावायचा नाही, असं राजकीय नेतृत्वानं घातलेलं बंधन होतं, म्हणून काही विमानं गेली, असा त्यांच्या बोलण्याचा आशय. जूनच्या शेवटी बातमी झाली आणि दूतावासानं लगेच खुलासा केला: विधान संदर्भ सोडून घेतलं गेलं, त्याचा विपर्यास झाला.

बघा, जकार्तात बोलताना वाक्याला संदर्भ होता. दिल्लीला पोचेपर्यंत तो वाटेत कुठंतरी पडला. बीडच्या एसटी स्टँडवर पिशवी हरवावी तसा!

डिसेंबर 2025 मध्ये पुण्यात माजी मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण बोलले की पहिल्या दिवशीच्या हवाई लढाईत आपला पराभव झाला. गदारोळ झाला, माफीची मागणी झाली. ते म्हणाले, माफी मागणार नाही, प्रश्न विचारण्याचा अधिकार संविधानानं दिला आहे. त्यांचं म्हणणं बरोबर की चूक, ते जाणकार ठरवतील. पण विपर्यासाची ॲम्ब्युलन्स त्यांनी रिकामी परत पाठवली, एवढं खरं.

आता तिसरी गोष्ट. इथं मला हसू येत नाही. त्याच मे महिन्यात पुण्यातल्या 19 वर्षांच्या एका इंजिनिअरिंगच्या विद्यार्थिनीनं दुसऱ्या कुणाची तरी सरकारवर टीका करणारी पोस्ट पुढं ढकलली. चूक लक्षात आली, दोन तासांत काढली, माफीही मागितली. म्हणजे मोठे लोक करतात ते सगळं तिनं केलं, आणि त्यांच्यापेक्षा लवकर केलं. तरी कॉलेजनं काढून टाकलं, पोलिसांनी अटक केली. 27 मे रोजी मुंबई उच्च न्यायालयानं सरकारला खडे बोल सुनावले आणि परीक्षा देता यावी म्हणून तिला सोडायला लावलं.

म्हणजे शब्द मागे घेण्याची सवलत सगळ्यांना नाही. आपल्या जिल्ह्याला हे समजावून सांगायला नको. ऊसतोडीला जाणारा माणूस मुकादमाकडून उचल घेतो. कोयता टाकून त्यानं म्हणून बघावं, "मुकादम, माझ्या अंगठ्याचा विपर्यास झाला." काय होईल ते तुम्हाला माहीत आहे. साहेबाचा शब्द परत येतो, आपली उचल फिटत नाही.

त्या मे महिन्यात माझ्या भाच्यानं व्हॉट्सॲपला स्टेटस ठेवलं होतं. दोनच शब्द: 'युद्ध नको'. त्याच्या आईनं रात्री साडेअकराला त्याला उठवून ते काढायला लावलं. मी तिथंच बसलो होतो. मी काही बोललो नाही. आज इथं येण्याचं एक कारण ते आहे.

आणि काही सत्य असं असतं की मागे घ्यावंच लागत नाही, कारण ते बाहेरच येत नाही. सप्टेंबर 1948 मध्ये रणगाडे घेऊन फौज हैदराबाद संस्थानात शिरली. तिचं नाव काय? 'पोलीस ॲक्शन'! आपली म्हातारी माणसं आजही तेच म्हणतात. रझाकारांनी अत्याचार केले होते, हे आपण स्वच्छ शब्दांत म्हटलं पाहिजे. त्यानंतर सामान्य मुसलमानांवर जे गुदरलं, ते बघायला नेहरूंनी पंडित सुंदरलाल आणि काझी अब्दुल गफ्फार यांना पाठवलं. त्यांचा अंदाज होता, संस्थानात किमान 27 ते 40 हजार माणसं मेली. औरंगाबाद, बीड, नलगोंडा आणि मेदक या चार जिल्ह्यांत मिळून किमान पाच हजार. हिंदू शेजाऱ्यांनी जीव धोक्यात घालून मुसलमानांना वाचवलं, हेही त्यांनी लिहिलं. सरकारनंच पाठवलेल्या माणसांचा हा अहवाल सरकारनं प्रसिद्ध केला नाही. कित्येक दशकांनी तो अभ्यासकांच्या पुस्तकांतून लोकांसमोर आला.

मग आपण काय करायचं? एक, खात्री नसलेली पोस्ट पुढं ढकलायची नाही, मग ती आपल्या बाजूची का असेना. दोन, चूक झाली तर काय चुकलं ते सांगून दुरुस्त करायची. त्यात कमीपणा नाही. तीन, जे खरं आहे ते केवळ भीतीनं पुसायचं नाही. चूक दुरुस्त करणं वेगळं आणि खरं गिळणं वेगळं.

आणि एक काम. तुमच्या घरात, गल्लीत पंच्याऐंशीच्या पुढचं कुणी असेल, हिंदू असो वा मुसलमान, तर या सुट्टीत त्यांच्याजवळ बसा. त्यांना कुणी वाचवलं, त्यांनी कुणाला वाचवलं, विचारा. गाव, नाव, साल वहीत लिहा आणि वाचून दाखवा. काही चुकलं असेल तर ते स्वतःच सांगतील.