संशयाला पुरावा हवा
(गिरणीकामगारांच्या सभेत केलेले भाषण)



गिरणीची हजेरी तुम्हांला कुणी समजावून सांगायला नको. भोंगा झाला, गेटातून आत गेलो, नाव लागलं. नाही गेलो तर खाडा. ही झाली कामाची हजेरी. आज मला दुसऱ्या एका हजेरीबद्दल बोलायचं आहे. ती कामाची नव्हती, जन्माची होती.

सोलापूरच्या जुन्या माणसांपुढे नुसतं ‘सेटलमेंट’ म्हणा, त्यांना सगळं आठवेल. इंग्रज सरकारने १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा केला आणि १९११ साली तो आपल्या मुंबई इलाख्यालाही लागू केला. सरकारने जाहीरनामा काढायचा, की अमुक जमात गुन्हेगार. झालं! पारधी, कैकाडी, कंजारभाट यांच्या घरी जन्माला आला, एवढाच त्याचा गुन्हा. वहीत नाव, बोटांचे ठसे, बाहेर जायचं तर पास. जाहीरनाम्याविरुद्ध कोर्टात दाद नाही. सोलापूरच्या तारेच्या कुंपणातले कितीतरी लोक तिथल्याच कापड गिरण्यांत राबत होते. दिवसा आपल्यासारखंच साच्यावर उभं राहायचं अन् पाळी सुटली की तारेच्या आत जाऊन पुन्हा हजेरी द्यायची. साच्यावर कामगार, तारेच्या आत गुन्हेगार! ३१ ऑगस्ट १९५२ रोजी तो कायदा देशभर रद्द झाला. कायदा गेला, पण पोलिसांची नजर काही एका दिवसात गेली नाही.

कुणी म्हणेल, “अहो, ते जुनं झालं. आता बॉम्ब फुटतात. देश राखायचा की नाही?”

राखायचाच! त्यात दुमत नाही. १२ मार्च १९९३ ला मुंबईत बॉम्ब फुटले, २५७ माणसं गेली. वरळीला सेंच्युरी बाजारपाशी स्फोट झाला, तो तर गिरण्यांच्याच वस्तीत. मेले ते रस्त्याने जाणारे, बसमध्ये बसलेले, पोटासाठी बाहेर पडलेले. असल्या कटवाल्यांना पकडू नका, असं कोण म्हणेल? पण धागा कसा सापडला, ते ध्यानात घ्या. वरळीला एक मारुती गाडी सोडून दिलेली मिळाली. तिच्यात हत्यारं होती. गाडी कुणाच्या नावावर, हे शोधत पोलीस माहीमच्या घरापर्यंत पोचले. हा माग वस्तूचा होता. जातिधर्माची यादी करून तो लागला नाही.

यादी केली की काय होतं, तेही जगाने पाहिलं आहे. जपानने डिसेंबर १९४१ मध्ये पर्ल हार्बरवर हल्ला केला. अमेरिकन सरकारने फेब्रुवारी १९४२ मध्ये हुकूम काढला आणि जपानी वंशाच्या सुमारे १,२०,००० माणसांना घरंदारं सोडून छावण्यांत नेलं. त्यांतले दोनतृतीयांश अमेरिकेचेच नागरिक! ते कुठे राहतात हे हुडकायला खानेसुमारीचे आकडे वापरले. सुप्रीम कोर्टानेही १९४४ साली सरकारचीच बाजू उचलून धरली. पुढे चौकशी झाली, तेव्हा त्यांच्यातल्या एकानेही हेरगिरी वा घातपात केल्याचा पुरावा निघाला नाही. १९८८ साली सरकारने माफी मागितली, हयात असलेल्यांना प्रत्येकी २०,००० डॉलर दिले. गेलेली वर्षं कोण देणार?

आपणही यातून सुटलो नाही. १९६२ च्या चीन युद्धात आसाम-बंगालकडची चिनी वंशाची सुमारे ३,००० माणसं पोराबाळांसकट राजस्थानात देवलीच्या छावणीत डांबली. लढाई महिन्याभरात थांबली, पण कित्येकांची सुटका काही वर्षं झाली नाही.

म्हणून आपलं मागणं सरळ आहे. संशय घ्या, पण माणसाने काय केलं त्यावरून घ्या. नाव, जात, धर्म, भाषा यांवरून नको. झडती घ्या, पण कारण कागदावर लिहा. १९८० च्या राष्ट्रीय सुरक्षा कायद्याने खटल्याशिवाय १२ महिने माणूस आत ठेवता येतो, आणि सल्लागार मंडळापुढे वकील देण्याचा हक्क त्याला नाही. तो हक्क द्या. पूर्वीची वही आता संगणकात गेली आहे. त्यात कुणाचं नाव का घातलं हे विचारण्याची, चूक असेल तर ते पुसून घेण्याची सोय ठेवा.

आणि यात सरकारचाही फायदा आहे, बरं का! लाखभर निरपराधांवर पाळत ठेवायला शिपाई गुंतला, की खरा कटवाला मागच्या दाराने निघून जातो. वर ज्या वस्तीने खबर द्यायची, तीच वस्ती पोलिसाला पाहून दार लावून घेते.

साच्यावर ताण्याचा एक धागा तुटला, तर आपण काय करतो? तोच धागा शोधून गाठ मारतो. कुणी आख्खा बीम कापून टाकला, तर त्याला विणकर म्हणाल का? आज यादीत दुसऱ्याचं नाव आहे म्हणून गप्प बसाल, तर उद्या संपाच्या दिवशी तुमचं नाव निघेल. तेव्हा आजच विचारा: पुरावा कुठे आहे?