सामुदायिक भाजीमळा : श्रमदानाला सावडीचा हिशेब हवा

(शेतकरी व महिला बचत गटांच्या मेळाव्यात दिलेले व्याख्यान)



गावातील पाच गुंठे जागा आणि दहा कुटुंबे यांचा मेळ बसला, तर वर्षातील बराच काळ घरची ताजी भाजी कशी मिळू शकते, हा माझ्या आजच्या बोलण्याचा विषय आहे.

आपल्यापैकी अनेकजण ऊस, कापूस, सोयाबीन पिकवतात आणि भाजी मात्र आठवडे बाजारातून आणतात. बाजारानंतरचे दोन दिवस ताटात पालेभाजी असते, पुढे डाळ-भाकरीवर भागते. शेतमजूर कुटुंबाकडे तर दोन वाफे करण्यापुरतीही जागा नसते. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या आहार मार्गदर्शनानुसार माणसाने रोज सुमारे ४०० ग्रॅम भाजी खावी. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. रक्तक्षयाची कारणे अनेक आहेत. पण रोजच्या ताटातील भाजी हा त्यावरील उपायांपैकी आपल्या हातातला एक उपाय आहे.

एकदाचे श्रमदान आणि रोजचे श्रमदान

श्रमदान आपल्याला नवीन नाही. हिवरे बाजारने श्रमदानाला कुऱ्हाडबंदी, चराईबंदीची जोड दिली आणि गाव उभे केले. २०१६ ते २०१९ या काळात वॉटर कप स्पर्धेच्या निमित्ताने ऐन उन्हात हजारो हात माथ्यावर चर खोदत होते. परंतु चर एकदा खोदला की पावसाची वाट पाहायची असते. भाजीमळ्याचे तसे नाही. वॉटर कपचे काम ४५ दिवसांचे होते, मळ्याचे ३६५ दिवसांचे आहे. पहिल्या दिवशी नारळ फोडायला साठ माणसे येतात. चैत्रात पाणी घालायला दोनच उरतात. त्या दोघांनाही एक दिवस वाटते की आपणच का राबायचे? मळा तिथेच संपतो. रोग-किडीने जितके सामुदायिक मळे मोडत नाहीत, तितके या एका प्रश्नाने मोडतात.

याचे उत्तर आपल्या वाडवडिलांकडे होते. त्यांच्याकडे दोन रीती होत्या. एक सावड : आज मी तुझ्या शेतात, उद्या तू माझ्या शेतात. सावडीत पैसा नव्हता. पण दिवसाचा हिशेब पक्का होता आणि फेड चुकत नव्हती. दुसरी इर्जिक : एखाद्याचा बैल मेला, घरात आजारपण आले, तर सारे गाव औत-नांगर घेऊन त्याच्या शेतात उतरत असे. तिथे परतफेडीची बोली नसे. फार तर त्या घरचे जेवण. भाजीमळ्याला या दोन्ही रीती लागतात. धडधाकट माणसाला सावड आणि अडलेल्याला इर्जिक, एवढे सूत्र ध्यानात ठेवावे.

जागा : आधी कागद, मग कुदळ

मळ्यासाठी पाण्याजवळची, किमान सहा तास ऊन मिळणारी, पाणी न साचणारी जागा निवडावी. गायरानावर परस्पर मळा सुरू करू नये. शाळेची किंवा देवस्थानाची जागा असेल, तर त्यांच्या समितीचा लेखी ठराव घ्यावा. एखाद्या शेतकऱ्याची पडीक जमीन मिळत असेल, तर त्याच्या मनातली भीतीही समजून घ्यावी. कूळकायदा आणि १९५७ चा कृषक दिन यांची आठवण अजून घराघरांत आहे. जमीन दुसऱ्याला कसायला दिली की गेली, असे वाटते. म्हणून मालकालाच गटाचा सभासद करून घ्यावे, मुदत, पाणी आणि जागा परत करण्याची रीत लेखी ठरवावी व तो कागद जाणकार वकिलाकडून तपासून घ्यावा.

आखणी : थोडे स्वतःचे, थोडे सर्वांचे

इंग्लंडमध्ये १९०८ च्या कायद्यानुसार स्थानिक संस्था लोकांना भाजीपाल्यासाठी लहान तुकडे भाड्याने देतात. तिथला तुकडा परंपरेने सुमारे २५० चौरस मीटरचा, म्हणजे आपला अडीच गुंठ्यांचा. तुकडा पडीक ठेवला, तर नोटीस येते व तो दुसऱ्याकडे जाऊ शकतो. ज्याचा तुकडा त्याची जबाबदारी, हा त्या पद्धतीचा गुण. आपल्याकडे जागा आणि पाणी कमी, म्हणून मी मधला मार्ग सुचवतो.

पाच गुंठे म्हणजे साधारण ५०० चौरस मीटर. त्यापैकी दोन गुंठ्यांत दहा कुटुंबांना प्रत्येकी २० चौरस मीटरचा स्वतंत्र वाफा द्यावा. वाफे चिठ्ठ्या टाकून वाटावेत. वाफ्याचे चार भाग करून दर आठ-दहा दिवसांनी एकेका भागात मेथी, पालक, कोथिंबीर, माठ पेरावे, म्हणजे भाजी एकदम निघून वाया जाणार नाही. दोन गुंठे सामाईक ठेवावेत. त्यात खरिपात भेंडी, गवार व मांडवावर दोडका, कारले. रब्बीत वांगी, टोमॅटो, मुळा, गाजर, घेवडा घ्यावा. उरलेल्या एका गुंठ्यात वाटा, रोपांसाठी ३ × १ मीटरचे गादीवाफे आणि कंपोस्ट खड्डा येईल. बांधावर शेवगा व कढीपत्ता लावावा. मात्र त्यांची सावली वाफ्यांवर पडू देऊ नये.

लागवडीपूर्वी गुंठ्याला साधारण २०० किलो चांगले कुजलेले शेणखत मिसळावे. चार गुंठ्यांना ८०० किलो खत लागेल. दहा घरांत वाटले तर घरटी ८० किलो. ज्याच्याकडे जनावर नाही, त्याने तेवढ्याच मोलाचे काम करावे.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगतो. दहा घरांची सगळी भाजी पाच गुंठ्यांत होणार नाही. पालेभाजी मात्र बहुतेक घरची होईल आणि फळभाजीचा बाजार कमी होईल. एवढेच उद्दिष्ट धरावे. मोठे आकडे सांगून माणसे जमवू नयेत.

पाण्याचा निर्णय माघातच

एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे एक लिटर. हिवाळ्यात रोज सुमारे ४ मिलिमीटर धरले, तर चार गुंठ्यांना १,६०० लिटर लागतील. कडक उन्हाळ्यात ७ मिलिमीटर धरले, तर २,८०० लिटर. तेवढे पाणी बहुतेक गावांत नसते. म्हणून माघातच सर्वांनी बसून विहिरीची पातळी पाहावी आणि उन्हाळी क्षेत्र ठरवावे. रोज ७०० लिटरच मिळणार असतील, तर एकच गुंठा ठेवावा, त्यात गवार, चवळी, माठ घ्यावे, पाचटाचे किंवा पाल्याचे आच्छादन करावे आणि वाटणी समान करावी. हा निर्णय वैशाखावर ढकलला, तर ज्याचा वाफा पाण्याजवळ त्याचाच हिरवा राहतो आणि भांडण उभे राहते.

वही, पाळी आणि वाटणी

पाण्याची पाळी दहा दिवसांतून एकदा प्रत्येक घराकडे यावी, म्हणजे महिन्यातून तीनदा. आठवड्यातून एक दिवस सर्वांनी मिळून दोन तास खुरपणी, बांधणी, मांडव यांची कामे करावीत. प्रत्येक तासाची नोंद वहीत करावी आणि वही मळ्यावरच ठेवावी, कोणाच्या कपाटात नव्हे.

वहीत कुटुंबप्रमुखाचे नाव लिहू नका. ज्याने काम केले त्याचे लिहा. पाणी सखूबाईने घालायचे आणि नाव घरधन्याचे लागायचे, हे चालणार नाही. बाईचा तास आणि बाप्याचा तास वहीत सारखाच धरावा. मजुरीत आपण जो फरक करतो, तो निदान या पाच गुंठ्यांत तरी नसावा. मळ्याच्या समितीत निम्म्या जागा स्त्रियांच्या असाव्यात, कारण रोजची भाजी कोणती लागते हे त्यांना अधिक कळते.

चुकलेले तास पैशाने फेडून घेऊ नयेत. पैसे चालतात असे ठरले की सधन माणूस गडी पाठवतो आणि मळा पुन्हा मजुरीवर जातो. चुकलेला तास पुढच्या महिन्यात कामानेच फेडावा. बाळंतीण, आजारी, म्हातारे माणूस यांचे तास मात्र इर्जिकीत धरावेत. त्यांचा वाटा कमी करू नये. सामाईक भाजी आठवड्यातून दोन ठरलेल्या दिवशी सर्वांसमक्ष तोडावी, वजन करावे आणि जागेवरच वाटावी. उरलेली भाजी आधी अंगणवाडीला द्यावी, मग विकावी.

फवारणी एकट्याने नाही

आपल्या शेतात फवारणारा आणि तोडणी ठरवणारा माणूस बहुधा एकच असतो. इथे एकाने सकाळी फवारले आणि दुसरीने संध्याकाळी त्याच वाऱ्यातली मेथी उपटली, तर विष तिच्या लेकरांच्या ताटात जाईल. म्हणून मळ्यात कोणीही स्वतःच्या मर्जीने रासायनिक औषध आणू नये. रोगट पाने व किडकी फळे वेचून नष्ट करावीत, पिवळे चिकट सापळे लावावेत. रस शोषणाऱ्या किडींसाठी ५ टक्के निंबोळी अर्क वापरावा : १० लिटर फवारणीसाठी ५०० ग्रॅम निंबोळ्या कुटून रात्रभर पाण्यात भिजवाव्यात, सकाळी फडक्यातून गाळून २० ग्रॅम साबणचुरा मिसळावा व पाणी घालून १० लिटर करावे. फवारणी संध्याकाळी करावी आणि वहीत तिची तारीख लिहावी. रासायनिक औषधावाचून गत्यंतरच नसेल, तर कृषी विज्ञान केंद्राचा सल्ला घ्यावा व डब्यावरील प्रतीक्षा काळ संपेपर्यंत मळ्याच्या तोंडाशी लाल फडके बांधून तोडणी बंद ठेवावी.

बंधू-भगिनींनो, बियाणे आणि खत या मळ्यातल्या सोप्या गोष्टी आहेत. अवघड आहे ते एकमेकांवरचा विश्वास टिकवणे, आणि तो भाषणांनी टिकत नाही; उघड्या वहीने टिकतो. मृगाआधी आपल्या आळीतली दहा घरे एकत्र बसवा. पहिल्या बैठकीत कोणते पीक घ्यायचे यावर बोलू नका. वैशाखात पाणी कोण घालणार, एवढाच प्रश्न विचारा. दहा नावे वहीत लिहिली गेली, की जमिनीत कुदळ घाला.