वारीतील शेजार



आळंदीहून पंढरीस जाताना वारकरी एकमेकांच्या पाया पडतात. तेथे वय वा जात कोणी विचारीत नाही. गीतेच्या बाराव्या अध्यायात भक्ताच्या लक्षणांत अद्वेष प्रथम येतो. त्याचे विवरण करताना ज्ञानदेवांनी पृथ्वीचा दाखला दिला आहे. ती कोणासही अव्हेरीत नाही. हे निरूपण मुक्कामी ऐकावयाचे आणि पंगत मात्र ज्ञातीपुरती मांडावयाची, हे आम्हांस रुचत नाही. चोखोबांची समाधी महाद्वाराबाहेरच आहे. अस्पृश्य मानलेल्यांस मंदिर खुले व्हावे म्हणून १९४७ साली साने गुरुजींस उपोषण करावे लागले. मंदिर खुले झाले. आपल्या राहुट्यांचे काय? यंदा पहिले पान शेजारच्या दिंडीतील वारकऱ्यास वाढावे, अशी मंडळास आमची विनंती आहे. शिधा थोडा अधिक लागेल. त्यातील तांदूळ आम्ही देऊ.